दोरीवरची मरून पट्टी

आमच्या बाल्कनीत पांढऱ्या लंगोटांच्या रांगेत एक जाडसर मरून पट्टी वाळत होती. शेजारच्या काकूंनी ती पाहिली. "अगं, बाळाला लोकर? सरळ डायपर लाव की! आणि हे सगळं निदान आत तरी वाळत घाल, रस्त्यावरून दिसतं."

दिसू दे. ती पट्टी म्हणजे माझ्या नवऱ्याचा स्वेटर, सासूबाईंनी हातानं विणलेला. त्यानं तो गरम पाण्यात मशीनला लावला आणि तो आटून पार जाड, घट्ट झाला. सासूबाईंनी रागानं कपाटात कोंबला होता. मग आमची लेक आली. सुती लंगोट, दुपटं, गादी, माझी मांडी, सगळं भिजवायची. शेवटी सासूबाईंनीच त्या स्वेटरला कात्री लावली आणि लंगोटावरून लोकरीची घडी बांधली. आटलेली घट्ट लोकर ओल धरून ठेवते; गादी कोरडी राहिली.

"फारच शू करते हो तुमची," असं येणारंजाणारं म्हणतं, जणू पोरीनं काही आगळीक केली. हळू बोल, कमी हस, नीट बस, हे ऐकतच मी मोठी झाले. आता हिनं शूसुद्धा बेतानं करायची? पोटभर पिते, पोटभर करते. लोकर आणू, पण तिला आवर म्हणणार नाही.

काकू अजून उभ्याच होत्या. सासूबाई बाहेर आल्या, पट्टी काढून रस्त्याकडच्या दोरीवर नेली आणि चिमटा लावला.

"लोकरीला मोकळा वारा लागतो, वहिनी," त्या म्हणाल्या. "पोरींनाही लागतो."