शोभाताईंचा सायकल-कॉम्प्युटर

दर रविवारी उजाडायच्या सुमारास शोभाताईंच्या यजमानांचा, दिवाकरभाऊंचा फोन यायचा. "वंदनाताई, शोभा गेली बरं का." म्हणजे शोभाताई सायकल काढून घरून निघाल्या, आता चौकात येऊन उभ्या राहतील, तुम्ही उशीर करू नका. कित्येक वर्षं ऐकलेलं हे वाक्य. त्यामुळे काही आठवड्यांपूर्वी सकाळी मी शिकवायला शाळेत जायची तयारी करत असताना त्यांचा फोन आला आणि ते म्हणाले, "वंदनाताई, शोभा गेली," तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "हो भाऊ, निघतेच मी." खरं तर ताई कितीतरी महिने सायकलवर बसल्या नव्हत्या. अंथरुणातच होत्या, आणि मी आदल्या संध्याकाळीच त्यांना भेटून आले होते. पलीकडून भाऊंनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं, हळू. मग मला समजलं...

शोभाताईंची आणि माझी ओळख वैनगंगेच्या पुलावर झाली. भंडाऱ्यात त्यांचं हातमागाच्या कोसा रेशमाच्या साड्यांचं दुकान. दिवाकरभाऊ खरेदी बघायचे आणि ताई गादीवर बसून गिऱ्हाइकाला पदर उलगडून दाखवायच्या. मुलगी नोकरीला पुण्याला गेली आणि तिची गेअरची सायकल अंगणात तशीच उभी राहिली. पन्नाशीला आलेल्या ताईंनी एक दिवस तिच्यात हवा भरली, सलवार-कुडता चढवला आणि निघाल्या. पुलाच्या चढावर त्या धापा टाकत उतरल्या होत्या. मी मागून आले, तर मला हात करून म्हणाल्या, "बाई, हे गेअर कोणत्या बाजूनं हलके होते जी?" मी दाखवलं. त्या पुन्हा चढल्या, थोडं गेल्या आणि मागे वळून ओरडल्या, "बाप्पा! हे तर लोण्यासारखं जाऊन राहिलं!" त्या दिवसापासून आम्ही दोघी रविवारच्या सोबती झालो.

मला डांबरी रस्ता आवडायचा. सपाट, सरळ, वेग धरता येईल असा. लाखांदूरच्या बाजूला दोन्हीकडे धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली भाताची शेतं, आणि मधून काळा रस्ता असला की मी खूश. ताईंचं लक्ष मात्र रस्त्याला फुटणाऱ्या पांदणींकडे, शेतांमधून जाणाऱ्या कच्च्या वाटांकडे. "हे कुठी जात असन?" असं म्हणत त्या वळल्यासुद्धा असायच्या. अशाच एका पांदणीने आम्हाला एकदा जंगलाच्या कडेला नेऊन सोडलं. वाटेला वाटा फुटत गेल्या. माझ्या मोबाईलची बॅटरी संपलेली, ताईंच्या मोबाईलला रेंज नाही. मोहाच्या झाडाखाली अस्वलाने उकरलेली माती बघितली आणि मी सायकलवरून खाली उतरले. ताईंनी बाटलीतलं पाणी मला दिलं आणि म्हणाल्या, "भिऊ नको, बोडी असन जवळ, बोडीवर माणूस असते." बोडी म्हणजे शेताजवळचं लहान तळं. शेवटी गुरं वळणाऱ्या एका बाईने आम्हाला गावाच्या रस्त्याला लावलं. घरी पोचलो तेव्हा दुपार कलली होती आणि दिवाकरभाऊ दुकान बंद करून, मोटरसायकलवरून आम्हाला शोधून परत आले होते. ते रागावले नाहीत. पायरीवर बसले, चेहरा पुसला आणि म्हणाले, "शोभा, आता जंगलात नको जाऊ. माह्याच्यानं होत नाही."

ताई महिनाभर सायकलीला शिवल्या नाहीत. मग एक दिवस मला म्हणाल्या, "वंदना, ते सायकलच्या हँडलवर लावाचं यंत्र येते ना, रस्ता दाखवणारं? ते आपण पाहाले जाऊ." आणि दिवाकरभाऊंना त्यांनी सांगितलं, "तुमी पण चला. तुमच्यासाठीच घेऊन राहिली मी."

नागपूरच्या दुकानातला मुलगा भाऊंनाच 'सर, सर' करत होता. ते यंत्र ताईंसाठी आहे म्हटल्यावर त्याने काड्यापेटीएवढं एक नाजूक यंत्र काढलं. "लेडीजसाठी हा बेस्ट आहे. हलका आहे, स्पीड दाखवतो, अंतर दाखवतो." ताईंनी ते साडीचा पोत बघावा तसं बोटांत फिरवलं. "रस्ता दाखवते का?" तो म्हणाला, यात तुम्ही आलात त्या वाटेची रेघ दिसते. "नुसती रेघ? बाजूचं गाव, नाला, दुसरा रस्ता?" त्यासाठी वरचं मॉडेल लागतं, म्हणत त्याने आणखी दोन काढली. दोन्हींत पूर्ण नकाशा होता. एक सडपातळ, मोबाईलसारखं बोटाने सरकवायचं. दुसरं जाडजूड, कडेला बटणं असलेलं, दिसायला अगदीच ओबडधोबड. ते डोंगरात, खडकाळ वाटांवर चालवणारे घेतात, मॅडमना इतकं लागणार नाही, असं त्याचं म्हणणं.

ताईंनी पाण्याचा पेला मागवला. मला वाटलं तहान लागली. त्यांनी बोटं पाण्यात बुडवली आणि सडपातळ यंत्रावर फिरवली. पडदा गोंधळला, भलतंच पान उघडलं. "घाम आल्यावर असंच होईन ना?" मग दोन्ही यंत्रं घेऊन त्या बाहेर फुटपाथवर गेल्या, भर उन्हात उभ्या राहिल्या आणि चष्मा वर करून बघू लागल्या. जाडजूड यंत्राचे आकडे उन्हात उलट जास्त ठळक दिसत होते. त्याची बॅटरीही दिवसभर पुरणारी. मुलगा आता त्यांच्याकडे बघून बोलू लागला होता.

"आणि रेंज गेली तर?"

"रस्ता दिसायला रेंज लागत नाही मॅडम. ते सॅटेलाइटवरून चालतं, नकाशा आतच असतो."

"मंग रेंज कायले लागते?"

"तुम्ही कुठे आहात ते घरच्यांना त्यांच्या मोबाईलवर दिसायला. हे यंत्र तुमच्या मोबाईलला जोडायचं, तो घरी कळवतो. तुमचा एक ठिपका दिसतो त्यांना, हलताना."

ताईंनी ते जाडजूड यंत्र पुढे केलं. मग दिवाकरभाऊंकडे वळून म्हणाल्या, "म्हणजे मी कुठी आहो, हे मले नेहमी समजन. तुमाले कधीमधी. चालन?"

भाऊंनी यंत्र हातात घेतलं, बटणं दाबून बघितली. "चालवाच लागन," ते म्हणाले.

मी सडपातळ यंत्र घेतलं. माझं डांबरी रस्त्याचं काम, मला वेग बघायचा होता. त्यानंतर पावसाळ्यात थेंब पडला की माझा पडदा आपोआप पानं उलटत बसायचा आणि ताई हसून लोळायच्या. त्यांनी आपल्या पडद्यावरून वेगाचा आकडा काढूनच टाकला होता. नकाशा, किती चढलो ते, आणि सूर्य मावळायला किती वेळ उरला ते, एवढंच त्यांना लागायचं. "वेग कायले पाहू? मी कोणाच्या पुढं जाऊन राहिली?" त्या म्हणायच्या. कोंढ्याच्या बाजूच्या तलावांच्या पाळी, म्हणजे मातीचे बांध, त्यांचे सांडवे, टेकड्यांच्या मागच्या वाटा... जिल्ह्यात जन्म काढून मी जे बघितलं नव्हतं ते त्यांच्या मागून जाताना बघितलं. दिवाकरभाऊ दुकानात गिऱ्हाइकाला साडी दाखवता दाखवता मोबाईल बघायचे आणि नोकराला सांगायचे, "मॅडम आता पाळीवर आहेत." काही दिवसांनी गिऱ्हाइकंही विचारू लागली, "ताई आज कुठी गेल्या?"

त्यांच्या मनात एक वाट होती. त्यांचं माहेर बपेरा, पार वरती, मध्य प्रदेशच्या हद्दीला लागून. लहानपणी वडील त्यांना सायकलच्या मागे बसवून बाजाराला न्यायचे. तिथे एकदा आपल्या पायांनी, आपल्या सायकलने जायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. मोबाईलवर बोटाने त्यांनी ती वाट आखून यंत्रात घालूनही ठेवली होती. हिवाळा येऊ दे, म्हणत होत्या. हिवाळ्याच्या तोंडावर पोटाचं दुखणं निघालं, ऑपरेशन झालं, मग नागपूरच्या फेऱ्या. मधे बरं वाटलं की त्या तलावापर्यंत जाऊन यायच्या. मग तेही थांबलं.

एक दिवस मी भेटायला गेले तर उशीजवळ यंत्र ठेवलेलं. "वंदना, हे तुह्या सायकलले लाव अन् बपेऱ्याले जाऊन ये. मी इथून पाहीन." मी म्हटलं, ताई, तुम्ही बऱ्या व्हा, दोघी जाऊ. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "जाऊन ये ना बाई," एवढंच म्हणाल्या. मी यंत्र उचलून पिशवीत ठेवलं.

मी गेले. तुमसर मागे पडलं, सिहोऱ्याच्या पुढे रस्ता मोकळा झाला. तिकडे घरी ठिपका अचानक अडकला. दिवाकरभाऊंनी नंतर मला सांगितलं, ते घाबरून उठले होते, कोणाला तरी फोन लावायला निघाले होते. ताईंनी त्यांचा हात धरून बसवलं. "ती चालूनच राहिली असन जी. रेंज गेली असन. बसा." मी खरंच चालतच होते. एका ठिकाणी यंत्र टुकटुकलं. मी डांबरी रस्त्याने सरळ निघाले होते आणि ताईंची रेघ डावीकडे वळत होती. बांध्यांच्या मधून, सायकल जेमतेम मावेल अशा वाटेने मी त्या रेघेमागे गेले. रेघ पाळीवर चढली, थोडी पुढे गेली, आणि एका जागी जाऊन परत मुख्य रस्त्याला लागत होती. तिथे देऊळ नव्हतं, घर नव्हतं. मोबाईलला रेंज आली होती, मी फोन लावला.

"ताई, इथं तर काहीच नाही."

"काहीच नाही कसं?" त्यांचा आवाज बारीक झाला होता. "समोर पाणी नाही काय?"

"आहे. भरपूर आहे."

"मंग थांब ना जरा. बाबा तिथीच सायकल उभी करत. मले उतरवत, पाय धुवाले लावत अन् म्हणत, घरी जायच्या आधी घाई नाही करावं. थांब दोन मिनिटं... वारं येते काय?"

"येते ताई."

"येऊ दे," त्या म्हणाल्या. फोन तसाच चालू राहिला. पाण्यावर बदकं होती, त्यांचा आवाज तिकडे पोचत असावा. बपेऱ्यात त्यांच्या भावाने मला पाटावर बसवून जेवू घातलं आणि ताईंच्या हँडलवर असायचं ते यंत्र दोन्ही हातांत घेऊन बराच वेळ बघितलं. त्यानंतर ताई थोडेच आठवडे राहिल्या.

तेरवीनंतर एका सकाळी दिवाकरभाऊ माझ्या दारात आले. सोबत ताईंची सायकल. हँडलवर यंत्र नव्हतं. म्हणाले, "मी पण चालवून पाहतो म्हणतो. घरी बसवत नाही." मी म्हटलं, यंत्र लावा ना, ताईंचं आहे की. ते मान हलवत म्हणाले, "त्याच्यात तिचे किलोमीटर हायेत. ती कुठी कुठी गेली, सगळं. त्याच्यात माहे नको मिसळाले. मले दुसरं पाहून द्या."

कोणतं बघायचं? तुम्ही कुठे चालवणार, असं मी विचारलं. डांबरी रस्ता, पांदण, नकाशा लागेल का...

"मी कायचा पांदणीत जातो? पुलापर्यंत गेलो तरी खूप. नकाशा नसला तरी चालन," ते म्हणाले. मग त्यांनी सायकलच्या सीटवर हात ठेवला. "पण मी कुठी आहो, हे कोणाले तरी दिसलं पायजे ना ताई. घरी तर आता पाहणारं कोणी नाही. तुमच्या मोबाईलवर दिसन काय?"

मी हो म्हटलं. आता शाळेला निघायच्या आधी मी भाऊंचा ठिपका उघडलेला मोबाईल टेबलावर ठेवून चहा घेते. भाऊ वैनगंगेच्या पुलावर फार हळू चढतात. पोचले की परत फिरायच्या आधी बराच वेळ तिथेच थांबतात. मी चहाचा कप तसाच हातात धरून बसते, ते परत निघेपर्यंत.