जोडीने ठेवलेल्या चपला

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, तो गेला. सासूला नाही, तीही गेली. ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना खुशाल जाऊ दिलं आणि आता तुम्हाला धरून बसवते आहे. बसा.

मूर्खपणापासून सुरुवात करते, तो सांगायला सोपा. लग्नाला वर्ष झालं नव्हतं तेव्हा एकदा मी वाडीतल्या विहिरीच्या काठावर माझ्या चपला काढून ठेवल्या — जोडीने, नीट, देवळाबाहेर ठेवतात तशा — आणि शेजारच्या चिकूच्या झाडावर जाऊन बसले. जीव द्यायला निघालेली बाई चपला इतक्या टापटिपीने ठेवते का हो? पण त्या वेळची मी — तिला मी राणीसरकार म्हणते — राणीसरकारांना अक्कल कमी आणि तोरा भारी.

कारण काय, तर दातिवऱ्याला, माझ्या माहेरी, मैत्रिणीचं लग्न होतं. सासर वाणगावजवळ, चिकूच्या वाडीत, आणि फळांचा तोडा ऐन भरात. सासू म्हणाली, तोडा झाला की जा. लग्न काय आमच्या तोड्यासाठी थांबणार होतं? मी म्हटलं, मग मी जीवच देते. तर म्हातारी मान वर न करता म्हणाली, "आदी करंड्या भर, मग दे."

झालं! राणीसरकारांचा अपमान झाला.

चपला पहिल्यांदा कुसुमने पाहिल्या. कुसुम माझी नणंद, तेव्हा परकरात होती. तिने जी किंकाळी फोडली ती मी अजून ऐकते — पण त्या वेळी ऐकून मला काय वाटलं सांगू? बरं वाटलं. वाटलं, आता कळेल यांना.

वाडी भरली. माणसं गोळा झाली. घागर पडली की काढायचा गळ कुणीतरी आणला आणि विहिरीत सोडला. नवरा तारापूरला कारखान्यात, पाळीवर. आणि गळ फिरत असताना काठावर सुरू झाली — चर्चा. गावातले भटजी म्हणाले, आत्मघात म्हणजे महापाप, अशा जिवाला गती नाही, पिंडाला कावळासुद्धा शिवायचा नाही. शाळेतले मास्तर भटजींना सोडतात होय? म्हणाले, "मग संतांनी जिवंत समाधी घेतली ती काय? तिथे बरं डोकं टेकता!" किराणा दुकानाचे शेठ जैन, ते हळूच म्हणाले, आमच्यात अन्नपाणी सोडून देह ठेवतात, पण ते रागाने नाही, गुरूला विचारून, शांत मनाने, ही तर रागात गेली, हे वेगळं. भटजी म्हणाले, तेच म्हणतो मी. मास्तर म्हणाले, तुम्ही ते म्हणालाच नाहीत.

आणि मी? पानांच्या आड बसून माझ्याच परलोकाची व्यवस्था ऐकत होते. भूक लागली म्हणून एक चिकू तोडून खाल्ला. कच्चा. चिकाने ओठ एकमेकांना चिकटले. मेलेली बाई झाडावर चिकू खातेय आणि खाली विद्वान तिला कुठल्या नरकात बसवायचं यावर भांडतायत! हसू आवरण्यासाठी पदर तोंडात कोंबला.

सासू तिथेच काठावर बसली होती, माझ्या चपला छातीशी धरून. मग एकदम भटजींकडे वळली आणि म्हणाली, "पाप काय ते माज्या पदरात घाला. पन पोरीला वर काडा."

तेव्हा तरी मी खाली उतरायला हवं होतं ना? नाही उतरले. का? — भीती वाटली म्हणून, असं आजवर मनाला सांगत आले. खोटं. मजा वाटत होती. त्या बाईला माझ्यासाठी रडताना आणखी थोडं पाहायचं होतं. एवढंच.

मग आमचा एक गडी विहिरीत उतरायला कमरेला दोर बांधू लागला, तेव्हा मात्र मला झाडावर बसवेना. मी मागच्या बाजूने घसरले, गवतात आडवी झाले आणि कण्हले. सगळे धावले. आणि तिथे, गवतात पडल्या पडल्या, मी ती गोष्ट रचली — काठावर उभी होते, पाय उचलला होता, तेवढ्यात डहाणूजवळच्या विवळवेढ्याच्या महालक्ष्मीने मागून दंडाला धरून ओढलं. पुढचं काही आठवत नाही. ओठ चिकटलेले, त्यामुळे शब्द अडखळत आले. ते फारच खरं वाटलं.

माझी नरकातली जागा लगेच रद्द झाली. भटजी म्हणाले, पुण्यवान पोर आहे. सासूने देवीला नवस बोलून ठेवला आणि दर चैत्रात ती डहाणूला यात्रेला अनवाणी जात राहिली, हिंडतं-फिरतं अंग होतं तोवर. परत आली की मीच तिच्या टाचांच्या भेगांत कोकमतेल भरायची. भरताना कधी तोंड उघडलं? नाही. त्यानंतर ती माझ्याशी कधी चढ्या आवाजात बोलली नाही. मी जिंकले होते.

इथवर हसलात तर हसा. मीही हसतेच. पण मी ज्यासाठी तुम्हाला बसवलंय ते हे नाही.

कुसुम मोठी झाली, लग्न होऊन सफाळ्याकडे गेली आणि काही वर्षांनी परत आली. का आली ते घरात सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कुणी विचारत नव्हतं. तिला परत नांदायला पाठवायचं ठरत होतं. एक दिवस दुपारी आम्ही दोघी ओटीवर मिरच्यांची देठं खुडत बसलो होतो. सासू आत निजली होती. कुसुम खुडता खुडता म्हणाली, वहिनी, मला आता जगणंच नको वाटतं.

साध्या आवाजात म्हणाली. हात थांबले नाहीत तिचे.

आणि मी काय केलं? मला वाटलं, अगं बाई, ही तर माझीच युक्ती! हिला सासरी जायचं नाही म्हणून हीपण राणीसरकार झाली. ज्याने एकदा खोटं नाणं चालवलं त्याला सगळ्यांच्या हातातलं नाणं खोटंच दिसतं. मी हसले. आणि म्हणाले — हे लिहिताना हात अडतोय, पण लिहिणार — म्हणाले, "चपला जोडीने ठेव हो कुसुम. विस्कटलेल्या असल्या की लोक येत नाहीत बघायला."

तीही जरा हसली. उरलेल्या मिरच्या खुडल्या, सूप झटकलं, उठून आत गेली.

पुढे काय, कसं, ते मी सांगणार नाही. ते तिचं आहे. ती वाचली, एवढंच माझ्याकडून. सकाळी पालघरच्या दवाखान्यात आम्ही तिच्या खाटेशी होतो आणि बाहेर व्हरांड्यात नातेवाईकांची पुन्हा तीच चर्चा — पाप की नाही, कर्माचे भोग की देवाची इच्छा. मी यावर पुष्कळ विचार केला आहे, आता म्हातारपणी दुसरं काम काय? शास्त्रं मोठी असतील. समाधी काय, शेठजींचा तो संथारा काय, आत्मघात काय, त्यातले भेद मला अजून नीट उलगडत नाहीत, आणि कुणी ठामपणे सांगायला लागला की मला विहिरीचा काठ आठवतो. तिथे सगळं ज्ञान मेलेल्या बाईचं पुढे काय होणार यावर चाललं होतं, आणि जिवंत बाई चार हातांवर झाडात होती. ओटीवरही तेच. जिवंत बाई माझ्या हाताशी होती, आणि मी विनोद केला. कुसुमला पाप लागलं असतं की नाही ते मला ठाऊक नाही. मला लागलं. त्याला पोथी उघडावी लागत नाही.

आता हे का सांगतेय? मी सध्या बोईसरला, सरावलीत, मुलाकडे असते. परवा इथल्या मंदिरात प्रवचन होतं. बुवांनी आत्महत्येवर गर्जना केली आणि आमच्या बायकांना चेव आला — आमच्या आजींना साक्षात देवीने विहिरीवरून ओढलंय! मला पुढे नेऊन बसवलं. बुवांनी नारळ दिला. आणि मी घेतला! या वयात! सुनेने त्याच्या वड्या केल्या. मला एक घास गेला नाही.

तेव्हा ठरलं. येत्या गुरुवारी पुन्हा बायका जमतील तेव्हा उभी राहून सांगणार — देवी नव्हती, चिकू होता. आणि त्याच्या आधी वाणगावला जाणार. कुसुम तिथेच आहे, माहेरच्या वाडीत, केस माझ्यापेक्षा पांढरे. तिला सासरी कुणी परत पाठवलं नाही. तिच्यासमोर ओटीवर बसून हे सगळं वाचून दाखवणार, चपलांच्या ओळीसकट. ती उठून आत गेली तर जाऊ दे. माफ कर, असं मी म्हणणार नाही. तेही एक मागणंच असतं, आणि मी आयुष्यभर रडून-पडून मागून घेत आले.

सासूला सांगायचं राहिलं, ते राहिलंच. कुसुमला राहू देणार नाही. कारण तिला अजून माहीत नाही की त्या दुपारी तिने चुकीच्या बाईला विचारलं होतं. दवाखान्यात तिच्या खाटेशी आम्ही दोघीच उरलो तेव्हा मी धीर करून विचारलं होतं, इतकी माणसं घरात असताना तू मलाच का गं सांगितलंस? घसा बसला होता तिचा. ती छताकडे बघत म्हणाली,

"वहिनी, तू तिथवर जाऊन परत आलेली. मला वाटलं, तुला वाट म्हाईत हाय."