उन्हाळ्यात निजणारं फूल

केस पांढरे झाले, दाढा काढून झाल्या, तरी गल्लीत तिला सगळे 'धाकटी'च म्हणत. कारण तिच्या खालच्या मजल्यावर थोरली राहत होती. दोघी सख्ख्या जावा. नवरे पाठोपाठ गेले, मुलं आपापल्या वाटेने पांगली, आणि घरात खाली एक, वर एक अशा दोघीच उरल्या. भांडायला आणि चहा प्यायला दुसरं कोणी नव्हतं, म्हणून ही दोन्ही कामं त्या एकमेकींतच उरकत.

धाकटी चष्म्याच्या दुकानात कामाला होती. पुढे मालक गिऱ्हाइकांचे डोळे तपासायचे आणि मागच्या खोलीत धाकटी काचा घासून फ्रेममध्ये बसवायची. हात मोठा सफाईदार, पण काच ती काचच, कधीमधी टवका उडायचा. अशा वेळची दुकानाची रीत ठरलेली होती. गिऱ्हाइकाला पत्ता लागू द्यायचा नाही, गुपचूप दुसरी काच घासायची, बसवायची आणि हसून हातात ठेवायची. इतकी वर्षं करून ही रीत धाकटीच्या अंगात भिनली होती. दुकानात ती कधी अंगाशी आली नाही. आली ती घरात.

थोरलीचा जीव परसातल्या एका वाफ्यात अडकलेला होता. मोठ्या झाडाच्या सावलीत, भिंतीच्या कडेला तिचं पिवळं रानफूल होतं. थोरले दीर रानात पहारेकरी होते. लग्नानंतरच्या पहिल्याच वसंतात त्यांनी त्याचं मूळ ओल्या रुमालात गुंडाळून बायकोसाठी आणलं. पुढे ते रान तोडून तिथे रुंद रस्ता झाला. मग दीरही गेले. वाफा तेवढा राहिला.

थंडी ओसरली की त्यात कातरल्यासारखी पानं वर यायची आणि मागोमाग चार पाकळ्यांची, चांगली मोठी, पिवळीधमक फुलं. पहिलं फूल उमललं की थोरली हाक मारायची. दोघी चहाचे कप घेऊन परसाच्या पायरीवर बसायच्या आणि थोरली रुमालाची गोष्ट सांगायची. धाकटीला ती तोंडपाठ होती, पण हुंकार चुकीच्या जागी दिला तर थोरली रागवायची. फुलं सरली की धाकटीचं वाफ्याकडे लक्ष नसे. थोरली त्यावर पाचोळ्याची जाड दुलई घालायची, आणि तिच्याखाली काय चालतं याची चौकशी धाकटीने कधी केली नव्हती.

एका वसंताच्या शेवटी थोरली लेकीच्या बाळंतपणाला निघाली. पिशवी खांद्याला लावून वाफ्यापाशी उभी राहिली.

"पाणी घालत जा गं, माती सुकू देऊ नकोस. आणि हे बघ, ऊन तापलं ना, की ते—"

"माहीत आहे हो ताई. किती वेळा सांगाल? तुमची बस चुकेल."

काही माहीत नव्हतं. पण थोरलीचं प्रत्येक सांगणं मध्येच तोडायची धाकटीला खोड होती, आणि थोरलीलाही बस गाठायची होतीच.

सुरुवातीला धाकटीने नेमाने पाणी घातलं. मग दुकानात गर्दी वाढली, पाठ धरली, आज नको उद्या असं झालं. एके दिवशी परसात जाऊन बघते तर पानं पिवळी पडून जमिनीला टेकलेली. बादल्याच्या बादल्या पाणी ओतलं, तर पानं आणखीच कुजली. थोड्याच दिवसांत वाफा उघडाबोडका झाला. दिरांच्या हातचं ते मूळ आपण मारलं, ताईंना आता काय तोंड दाखवणार, या विचाराने तिला घास गोड लागेना.

मग तिने जे करायला तिचे हात शिकले होते तेच केलं. खुरपं घेऊन वाफा खणला. आत तपकिरी, बोटाएवढी मुळं होती. वाळलीच आहेत म्हणून तिने ती कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि डबा कोपऱ्यावर नेऊन गाडीत रिकामा केला. खणताना एक मूळ हातात मोडलं तेव्हा अंगठ्याला नारिंगी-पिवळा चीक लागला. कुजलंय, असं म्हणून तिने हात धुतला. डाग काही लगेच गेला नाही.

दुकानाच्या वाटेवर बसगाड्यांच्या आगाराची जुनी भिंत होती. तिच्या बुडाशी तशीच कातरलेली पानं आणि चार पाकळ्यांची पिवळी फुलं धाकटीने पाहिली. एक देठ मोडून बघितला, तोच पिवळा चीक. तिला हायसं वाटलं. फुलं जरा लहान, झुपक्यात होती, पण भिंतीकडेला खायला-प्यायला मिळत नसेल, असं तिने स्वतःला समजावलं. रोपं आणली, वाफ्यात लावली, ती झकास धरली.

थोरली परतली ती थंडीच्या तोंडावर. आल्या आल्या परसात गेली आणि वाफ्याकडे बघत राहिली.

"अजून हिरवं आहे?"

"मग! पाणी घातलं ना वेळच्या वेळी."

थोरली वळून आत गेली. प्रवासाने दमली असेल, असं धाकटीला वाटलं.

हिवाळ्यात बागेतला एक म्हातारा माळी चष्मा न्यायला दुकानात आला. काच पुसता पुसता धाकटीने फुशारकी मारली, की आमच्या घरचं पिवळं रानफूल थंडी पडेपर्यंत हिरवंगार होतं. माळी हसला.

"मग ते रानातलं नव्हेच, बाई. रानातलं असतं ते उन्हाळ्यात निजतं. पार दिसेनासं होतं, लोकांना वाटतं मेलं. त्याला सावली द्यायची, कुजका पाचोळा घालायचा आणि गप्प बसायचं, वसंतात आपणहून उठतं. तुमचं ते भिंतीकडेला उगवणारं, तसंच दिसणारं दुसरं. त्याचं फूल बारीक, शेंग सुईसारखी सरळ उभी. रानातल्याचं फूल मोठं आणि शेंग लोंबती, लव असलेली."

"पुन्हा लावायचं झालं तर?"

"बी मिळालं तर ताजंच पेरायचं, सुकलं की फुकट. ते मुंग्या पळवतात आणि कुठल्या कुठे पेरून ठेवतात."

धाकटीने मान डोलावली आणि चष्मा त्याच्या हातात ठेवला. ते मेलंच नव्हतं. झोपलेल्याला तिने खणून काढलं होतं आणि कचऱ्याच्या गाडीत घातलं होतं. अंगठ्यावरचा डाग केव्हाच गेला होता, तरी ती त्या दिवशी तो पुन्हा पुन्हा पुसत राहिली. ताईंना सांगायचं असं ठरवून ती रोज घरी यायची आणि चहा पिताना तोंडात मिठाची गुळणी धरायची.

त्यातच थोरलीची नजर मंदावली. मालकांनी डोळे तपासून नंबर काढून दिला, काचा धाकटीनेच घासल्या. चष्मा तयार झाला तेव्हा थंडी सरत आली होती आणि वाफ्यात कळ्या दिसत होत्या. बारीक, झुपक्यातल्या. धाकटी चष्मा पर्समध्ये ठेवायला गेली आणि तिने तो दुकानातल्याच खणात ठेवला. फुलं ओसरेपर्यंत राहू दे, मग देऊ, असं तिच्या मनाने घेतलं. आपण हे काय करतोय ते तिला पुरतं कळत होतं. तरी तिने खण लोटला.

"काच यायची आहे अजून," ती थोरलीला सांगायची.

"येऊ दे सावकाश," थोरली म्हणायची.

एका संध्याकाळी परसातून धप्पकन आवाज आला. थोरलीची पायरी चुकली होती. गुडघा सोलवटला होता आणि झारी लवंडून पडली होती. धाकटीने तिला धरून आत आणलं, जखम धुतली.

"चष्मा असता तर पायरी दिसली असती गं," थोरली एवढंच म्हणाली.

धाकटीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडताच ती चष्मा घेऊन परत फिरली. थोरली पायरीवर पाय लांब करून बसली होती. धाकटीने चष्मा तिच्या हातात दिला आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. राहिलेलं पाणी, खुरपं, कचऱ्याची गाडी, आगाराची भिंत, माळी, खण. मध्ये थांबली असती तर पुढचं तोंडातून निघालं नसतं.

थोरलीने चष्मा चढवला, वाफ्याकडे पाहिलं.

"बारीकच आहेत फुलं," ती म्हणाली. "मला आले त्याच दिवशी कळलं. आमचं कधी इतक्या उशिरापर्यंत हिरवं राहत नाही. ते बघायला चष्मा कशाला लागतो?"

"मग बोलला का नाहीत?"

"म्हटलं, तू बोलशील."

धाकटी वाफ्यातल्या फुलांकडे बघू लागली.

"चष्मा तयार झाल्याचंही मालक बाजारात सांगून गेले. म्हटलं, आणशील." थोरलीने डोळे टिपायला चष्मा काढला. "फूल गेलं याचं वाईट वाटणारच. त्यांच्या हातचं होतं. पण सबंध हिवाळा तू रोज समोर चहा प्यायलीस आणि मी मात्र घरात एकटी होते. त्याचं जास्त लागलं."

धाकटी खालच्या पायरीवर बसली आणि रडली. थोरलीने तिची समजूत घातली नाही. मग थोरलीने चष्मा पुन्हा चढवला आणि दुखरा गुडघा सांभाळत खाली वाकली.

"हे गं काय?"

पायरीच्या फटीत, मुंग्यांच्या वारुळाशेजारी, एक इवलंसं रोप होतं. दोन कातरलेली पानं.

"रानातलं की भिंतीकडेचं?" धाकटीने विचारलं.

"लहानपणी सारखीच दिसतात. उन्हाळा कळवेल. हिरवं राहिलं तर तुझं. गेलं तर आमचं."

त्या वसंतात धाकटीने वाफ्यातली आगाराकडची रोपं मुळासकट काढली आणि पायरीवरच्या रोपाची डोळ्यात तेल घालून राखण केली. दुकानातून आली की आधी फटीपाशी बसायची. पुढे ऊन तापलं. एक पान पिवळं पडलं, मग दुसरं. हात शिवशिवायचे, झारी उचलावीशी वाटायची. ती हात मांडीवर दाबून बसायची आणि ज्या रोपाला जगवायला धडपडत होती ते एकदाचं नाहीसं व्हावं म्हणून मनोमन विनवायची.

एका सकाळी फटीत नुसती माती होती.

"ताई," तिने हाक मारली. "गेलं."

थोरली भिंतीचा आधार घेत आली. तिने वाकून, चष्मा सावरून नीट पाहिलं. मग मूठभर पाचोळा आणून त्या फटीवर पसरला. धाकटीचे डोळे भरून आले होते, तिकडे तिने पाहिलं की नाही कोण जाणे.

"निजलंय," थोरली म्हणाली. "या वेळी खणू नकोस."