मुक्कामी राहिलेले बोरकुटे सर

बोरकुटे सरांनी पहिल्या दिवशी माझं नाव विचारायच्या आधी विचारलं, "किती देतेत तुले?" मी मानधनावरचा शिक्षणसेवक. आकडा ऐकून ते खो खो हसले आणि त्यांनी माझ्या ताटात आणखी भात वाढला. अहेरीच्या पुढं, एसटी जिथून परत फिरते तिथून नाला ओलांडून आत, आमची दोन शिक्षकांची जिल्हा परिषदेची शाळा होती.

"पाह्य बाबू," ते म्हणायचे, "नोकरी कोण्या साली लागली, त्याच्यावर पेन्शन. नोकरीत किती मुरला, त्याच्यावर श्रेणी. गाव किती आडवळणी, त्याच्यावर भत्ता. आन् पोट्टे किती शिकले, त्याच्यावर? काईच नाई!" असं म्हणणारा हा माणूस पोरांसाठी गोंडी शिकला होता आणि वजाबाकी मोहाच्या टोळ्या, म्हणजे बिया, मांडून शिकवायचा. शाळा सुटली तरी पोरं त्यांना सोडत नसत.

सरांची बायको, आमच्या वहिनी, चंद्रपूरकडच्या मूल गावी आपल्या भावाकडे असत. किडनीचा आजार. मी आलो त्याच वर्षी बदल्या निघाल्या. बायको गंभीर आजारी, म्हणजे सरांना आधी पसंती; मूलजवळचं गाव सहज मिळालं असतं. पण जंगलभागात शिक्षकाला एक पायरी वरचा पगार मिळतो, आणि भाग सुटला की तोही सुटतो. इंजेक्शनं, चंद्रपूरच्या दवाखान्याचं गाडीभाडं सगळं त्या पायरीवर चाललं होतं. सरांनी अर्ज भरला नाही.

फोनवर वहिनींचा आवाज मलाही ऐकू यायचा. "पैसे राहू द्या जी. तुमी या."

"तू बरी हो, मंग येतो," सर म्हणायचे. तेव्हा मला त्यांचा फार राग यायचा. त्यांच्या जागी मी काय केलं असतं, हे मात्र आजही सांगता येत नाही.

वहिनी गेल्या तेव्हा नाल्याला पूर होता. गावकऱ्यांनी दुसऱ्या दिवशी सरांना डोंग्यातून पलीकडं पोचवलं. ते मूलला पोचले तोवर भावानं अग्नी दिला होता. दिवस करून ते परत आले. "सर, आता तरी बदली घ्या," मी म्हटलं.

"आता कोणासाठी बाबू?"

पुढं ग्रामसभा भरली. शिक्षक गावातच मुक्कामी राहतो असा तिचा ठराव असल्याशिवाय घरभाडं मिळत नाही. कित्येक गावांत हा ठराव डोळे मिटूनच होतो. सरपंचबाईंनी विचारलं, "गुरुजी इथीच राह्यतेत. कोणाची हरकत?"

सर उठून उभे राहिले. "लिहा बाई. हा माणूस इथीच राह्यला. बायको मेली, तवाबी इथीच होता."

मग एकेक हात वर झाला, आणि ठराव मंजूर झाला.