भिवराबाईच्या घरातली पेटी

आमच्या ऊसतोडीच्या टोळीत शहादेवसारखा कामाचा गडी न्हाई, पण मायच्या बाबतीत लई हळवा. बाप लवकर गेला. भिवराबाईनं एकटीनं कोयता हाणून त्याला वाढवलं, त्यात तिची कंबर गेली. दसरा झाला की आमी साखरपट्ट्यात अन् म्हातारी पाटोद्याकडच्या गावात एकटी. त्याचा जीव कायम टांगणीला.

औंदा कॉलेजची पोरं आली अन् चाचणी म्हणून म्हातारीच्या भिंतीवर एक पांढरी पेटी बसवून गेली. पेटी एकच, कामं दोन. तिच्यामुळं घरात फोनला रेंज येती. अन् ज्या लहरींवर बोलणं जातं, त्याच लहरी घरात आदळून माघारी येत्यात, त्यावरून आत कुणी हालतंय का ते कळतं. हालचाल असली की शहादेवच्या फोनवर हिरवा ठिपका, दिवसा बराच वेळ नसली की लाल. चित्र दिसत न्हाई, हे पोरांनी बजावलं व्हतं.

निघताना म्हातारी रडाय लागली. तिला लहरी काय समजणार, डोंबल! शहादेव म्हणला, "माय, ह्या पेटीतून तू मला दिसतीस." तिनं डोळे पुसले.

मग फडात मोळी बांधता बांधता गडी फोन बघणार अन् मुकादम खेकसणार. मायला फोन लावणं मातर कमी झालं. हिरवं दिसतंय, मग कशाला लावायचा? म्हातारी रुसायची.

एक दिवस तिनं फोन उचललाच न्हाई. मी म्हणलं, शेजारच्या बायनाबाईला बघाय लाव. त्यानं फोन माझ्यापुढं धरला. ठिपका हिरवागार. रुसली आसंल म्हणला अन् ऊस तोडाय लागला.

दिवस मावळताना बायनाबाई कालवण द्यायला गेली, तर म्हातारी चुलीजवळ आडवी. खुबा मोडलेला, तोंड पेटीकडं. दवाखान्याच्या वाटेवर जीपमधीच गेली.

आमी पोचलो तवा बायनाबाईनं शहादेवला सांगितलं. शेवटपर्यंत तिच्या तोंडी एकच व्हतं, "सकाळपासून पोराला हात करायले मी. बघायलाय, पण येईना."

शहादेव भिंतीला टेकून खाली बसला. आमाला वाटलं, रडंल. रडला न्हाई.

"रामकिसन," मला म्हणला, "ती हात करायची थांबली आसती, तर लाल झालं आसतं. मी आलो आसतो."