पाठीमागे कोणी नसलेला तास

बाटल्यांच्या कारखान्यात उभी हयात झाकणं तपासून तपासनीस निवृत्त झाले, आणि तपासण्यासारखं एकच काही उरलं, ते म्हणजे बायको. ती घराच्या पुढच्या खोलीत शिवणकाम करायची. सगळी गल्ली तिला टेलरबाई म्हणायची. इतकी वर्षं नवरा सकाळी जाऊन संध्याकाळी यायचा आणि संसार सुखाचा होता. तो कशामुळे सुखाचा होता, हे तिला आत्ता कळलं.

चहाचा कप घेऊन हे तिच्या पाठीमागे उभे राहत. "शिलाई जरा उजवीकडे जातेय हं." जात नसायची. बॉबिनी त्यांनी रंगांप्रमाणे लावून ठेवल्या, तेव्हापासून तिला हवी ती एकही सापडेना. ती तुरपाई करत असताना "बाहेर उजेड आहे की" म्हणत दिवा घालवला. शेवटी एका गिऱ्हाइकाच्या पँटचे दोन्ही पाय तिनं एकमेकांना शिवून टाकले, तेव्हा ती मुकाट्यानं डॉक्टरांकडे गेली. हेही गेले.

"झोप लागते का?" डॉक्टरांनी तिला विचारलं.

"छान लागते," हे म्हणाले.

डॉक्टरांनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं, रक्तदाब मोजला आणि सांगितलं, "ताण आहे. योग सुरू करा."

टेलरबाईला हायसं वाटलं. योगाबद्दल तिला फारसं ठाऊक नव्हतं, पण त्याचा वर्ग घराबाहेर असतो एवढं पक्कं ठाऊक होतं. पाठीमागे कोणी उभं नाही असा दिवसातला एक तास, बस्स, एवढंच तिला हवं होतं.

"एकटी कशाला जातेस?" तपासनीस म्हणाले. "मीही येतो की."

मग तिनं योगाचे प्रकार बदलायचा सपाटा लावला. ह्यांना न झेपणारा एखादा तरी योग जगात असेलच! भट्टीसारख्या तापवलेल्या खोलीतला प्रकार तिनं मोठ्या आशेनं निवडला. ती घामानं निथळून आडवी झाली. हे भिंतीवरच्या तापमापकापाशी उभे राहून तो खरं दाखवतो की खोटं ते बघत होते. दोराला लटकायच्या योगात ह्यांनी सगळ्यांच्या गाठी ओढून पाहिल्या. हास्ययोगात तर "तुमचं हसू पोटातून येत नाही" असं एका सद्गृहस्थांना सुनावलं, आणि बिचारे रडकुंडीला आले. शवासनात ती डोळे मिटून पडली, की शेजारून कुजबुज यायची, "अगं, डावा खांदा वर आलाय." मढ्यालासुद्धा ह्यांनी सरळ पड म्हणून सांगितलं असतं.

उरला होता फक्त संथ श्वासाचा योग. तिथली शिकवणारी मुलगी जिन्यावरून घसरली आणि तिचा पाय प्लास्टरमध्ये गेला. खुर्चीत बसून तिला सूचना देता येत, पण फिरून लोकांना सरळ करता येईना. "काका, तुम्ही जरा बघाल का?" तिनं विचारलं. काका टपलेलेच होते.

आणि आक्रीतच घडलं. ह्यांनी "गुडघा किंचित आत" म्हटलं, की लोक गुडघा खरंच आत घेत, वर आभार मानत. सकाळचा वर्ग झाला, संध्याकाळचाही झाला. "माझी पाठ धरलीय" म्हणत टेलरबाईनं स्वतः जाणं बंद केलं. घरात फक्त मशीनचा आवाज. कधी कधी ती तोही थांबवायची आणि नुसती बसायची.

रक्तदाब उतरला. डॉक्टर खूश झाले. "कोणता प्रकार लागू पडला?"

"तो हे करतात," ती म्हणाली. "गुण मला येतो."

मग प्लास्टर काढायचा दिवस जवळ आला. "आता माझी काय गरज!" तपासनीस जेवताना म्हणाले आणि त्यांची नजर तिच्या दोऱ्याच्या रिळांवर गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं वर्ग गाठला.

"तुमच्या सगळ्या चटयांना पिशव्या शिवून देते, फुकट. फक्त ह्यांना ठेवून घ्या."

मुलगी हसली. "काकू, काकांना मी सोडणारच नव्हते. त्यांच्याशिवाय निम्मे लोक यायचे नाहीत." जरा थांबून म्हणाली, "पण पिशव्या चालतील."

संध्याकाळी तपासनीस छाती काढून घरी आले. "कायमचं ठेवून घेतलं मला!" ती पिशव्यांचं कापड बेतत होती, ते समोरच्या स्टुलावर बसले. मग हळूच म्हणाले, "खरं सांगू? तिथं माझा उपयोग होतो गं. घरी तुझं सगळं आधीच बरोबर असतं. मी करू काय?"

टेलरबाईची कात्री थांबली. इतकं भरून आलं तिला, की रविवारी तरी वर्ग घेऊ नका, घरी थांबा, असं सांगणं अगदी ओठांवर आलं. तिनं ओठ घट्ट मिटले आणि पुढचं कापड कापायला घेतलं.