फळ्यावरचा डोंगर

उत्तरेच्या बर्फाळ समुद्रातून परत अमेरिकेत, ॲन आर्बरच्या विद्यापीठात आल्यावर मी अण्णांना समुद्रतळाच्या नकाशाचं एक चित्र पाठवलं. निळ्या सपाटीवर एक लांबलचक पिवळी रांग. सोबत लिहिलं, 'हा डोंगर मला सापडला.'

अण्णा, माझे वडील, आमच्या गावच्या शाळेत शिपाई आहेत. मीही त्याच शाळेत शिकलो. दुसऱ्या दिवशी त्यांनी शाळेच्या दारातल्या फळ्याचा फोटो पाठवला. त्यांच्याच अक्षरात, 'आपल्या शाळेच्या विद्यार्थ्याने समुद्राखाली डोंगर शोधला.' मला फार आनंद झाला होता, हे लिहितानाही लाज वाटते.

जहाजाच्या बुडातून खाली आणि दोन्ही बाजूंना तिरपा आवाज सोडायचा आणि तो तळाला आपटून परत यायला किती वेळ लागतो त्यावरून खोली काढायची, हे आमचं काम. पण आवाजाचा वेग पाणी किती गार, किती खारट यावर ठरतो, आणि बर्फ वितळतो तिथे हे काही तासांत बदलतं. म्हणून प्रत्येक पाळीत तारेला बांधलेलं यंत्र खाली सोडून नवी नोंद घ्यायची. एका पाळीला माझी बोटं बधिर झाली होती. मी यंत्र सोडलंच नाही. आधीच्या पाळीचे आकडे उतरवले, वेळ तेवढी नवी टाकली.

लॅबमधली नागपूरची सीनियर तो नकाशा मोठा करून बघत होती. ती हसायलाच लागली.

"यार, तुझा डोंगर जहाजाबरोबर चालतो का रे? जहाज वळलं की हा पण वळतो! आणि पलीकडच्या बाजूला याचा जुळा भाऊ आहे बघ."

खरंच होतं. भाजताना पापडाच्या कडा वर वळाव्यात, तसा जहाजाच्या वाटेच्या दोन्ही बाजूंना तळ उचललेला दिसत होता. आवाजाचा वेग चुकीचा धरला की तिरप्या आवाजाचा हिशेब चुकतो आणि असंच दिसतं.

"त्या पाळीचं रीडिंग घेतलं होतंस ना?"

"घेतलं होतं," मी म्हणालो.

तिनं विश्वास ठेवला. दोन दिवस ती माझ्यासाठी यंत्रातला बिघाड शोधत बसली. तिसऱ्या दिवशी मला ते बघवेना. आधी तिला, मग आमच्या प्राध्यापक बाईंना सगळं सांगितलं. बाईंनी शांतपणे तेवढी पट्टी नकाशातून काढून टाकली. सीनियर मात्र म्हणाली, "थंडीचं समजू शकते मी. पण माझ्या तोंडावर खोटं बोललास."

पुढच्या सकाळी, तिकडे शाळा सुटल्यावर, अण्णांना फोन केला.

"अण्णा, तो डोंगर नाहीये."

"म्हणजे? बुडाला की काय?"

"नव्हताच. मी काम टाळलं आणि वहीत खोटं लिहिलं."

फोनवर किल्ल्यांचा आवाज आला, चपलांचा आला, आणि नंतर ओलं फडकं फळ्यावर फिरल्याचा.

"इतके दिवस," ते म्हणाले, "तेवढी ओळ सोडून बाकीचा फळा पुसत होतो."